दिलेलें गांव

गोल्डस्मिथची ओसाड गांवावरील कविता आमच्या महाविद्यालयांत मीं किती वर्षें शिकविली याचा हिशेब आतां माझ्यापाशींहि उरलेला नाहीं. १७७० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या काव्यांतील गांव ओसाड पडतें तें धनिकाच्या हौसेपायीं. त्याला उपवन हवें, तळें हवें, घोड्यांना आणि कुत्र्यांना मोकळें रान हवें. म्हणून शेतकऱ्यांनीं घरें सोडून समुद्रापार जावें. अशा खटल्याचा निवाडा करणें विद्यार्थ्यांना कठीण जात नसे. एका बाजूस विलास आणि दुसऱ्या बाजूस भाकरी असली म्हणजे मन कोणीकडे झुकावें याविषयीं तरुण वयांत तरी संशय उत्पन्न होत नाहीं. परंतु एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलीनें मला विचारलें, "सर, श्रीमंतानें बागेसाठीं गांव उठविलें हें वाईटच, पण देशानें देशासाठीं उठविलें तर?" तितक्यांत तासाची घंटा झाली म्हणून मी सुटलों. प्रश्नानें मात्र मला सोडलें नाहीं.

पुढें २००४ सालीं मला कांहीं महिने इंग्लंडांत राहण्याचा योग आला. ऑगस्टमधील एका रविवारीं माझे यजमान मला आपल्या मोटारींतून डॉर्सेट परगण्याच्या किनाऱ्याकडे घेऊन गेले. पर्बेकच्या टेकड्यांवरून रस्ता खालीं उतरूं लागला तेव्हां कडेला लष्कराचे फलक दिसूं लागले: पिवळ्या खुंटांच्या पलीकडे पाऊल टाकूं नये, जमिनींत न फुटलेले तोफगोळे आहेत. त्या फलकांच्या पलीकडे एक हिरवीगार दरी, दरीच्या टोंकाशीं समुद्र, आणि दरीच्या मध्यावर टाइनम नांवाचें गांव. म्हणजे एके काळीं तें गांव होतें. चर्चला आणि शाळेला तेवढें छप्पर आहे. बाकीच्या घरांच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. चुलीची जागा ओळखूं येते, खिडकीच्या जागीं आभाळाचा चौकोन दिसतो, आणि जेथें माणसें जेवावयास बसत असतील तेथें गवत वाढलें आहे. प्रत्येक घरापाशीं तेथें कोणतें कुटुंब राहत होतें हें सांगणारी पाटी आहे. शाळेच्या खोलींत मुलांनीं कोट अडकविण्याच्या खुंट्या असून त्यांवर त्यांचीं नांवें आहेत. त्या खुंट्यांपुढें मी पुष्कळ वेळ उभा राहिलों. वर्गांत हजेरी घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला मुलांच्या नांवांची यादी पाहून पुढें जाणें जमत नाहीं.

टाइनमचा इतिहास तसा मोठा नाहीं. १०८६ सालीं विल्यम राजाच्या आज्ञेवरून इंग्लंडच्या महसुलाची जी प्रचंड वही तयार झाली, तींत या गांवाची नोंद आढळते. त्यानंतर साडेआठशें वर्षें तेथें इतिहासकारानें लेखणी उचलावी असें फारसें कांहीं घडलें नाहीं. आणि माझ्या मतें गांवाला याहून मोठें प्रशस्तिपत्र नाहीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस बाँड नांवाच्या घराण्यानें ही इस्टेट विकत घेतली. तेव्हांपासून एलिझाबेथ राणीच्या काळांतला दगडी वाडा त्यांचा, जमीन त्यांची, आणि झोंपड्या म्हणाव्या अशीं तीं दगडी घरेंहि त्यांचींच. दरींतील बाकीचीं माणसें त्यांचीं कुळें. कोणी शेतावर राबे, कोणी मैलभर खालीं वर्बॅरोच्या किनाऱ्यावर मासे धरी. घरांत विजेचे दिवे नव्हते, पाणी बाहेरून भरून आणावें लागे. तरुण मंडळी पोटासाठीं बाहेर जाऊं लागली होती. मुलांची संख्या इतकी रोडावली कीं १९३२ सालीं शाळा बंद करावी लागली. हें सांगितलें पाहिजे, कारण नाहींशा झालेल्या गांवाविषयीं बोलतांना आपण त्याला सोन्याचा मुलामा चढवितों, आणि जिवंत माणसांच्या हालअपेष्टा त्या मुलाम्याखालीं झांकल्या जातात.

त्या दरीच्या शेजारींच, लुलवर्थ येथें, पहिल्या महायुद्धापासून रणगाड्यांच्या तोफांचा मारा शिकविण्याचें मैदान होतें. १९४३ च्या अखेरीस युरोपच्या भूमीवर उतरण्याची तयारी जोरांत सुरू झाली, आणि तें मैदान अपुरें पडूं लागलें. १६ नोव्हेंबर १९४३ या तारखेचीं सरकारी पत्रें दरींतील घरोघर आलीं. १९ डिसेंबरपूर्वीं सर्वांनीं घरें रिकामीं करावींत असा हुकूम होता. टाइनम आणि आसपासच्या वस्त्या मिळून सुमारें सव्वादोनशें माणसें होतीं. कडाक्याची थंडी, नाताळ आठवड्यावर आलेला, आणि सामान हलविण्यास एका महिन्याची मुदत. मंडळी गेलीं. कोठेंहि दंगा झाल्याचें कोणी सांगत नाहीं. जातांना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावण्यांत आली. तिची प्रतिकृति तेथें पाहावयास मिळते. तिचा आशय असा: चर्च आणि घरें जपून वापरावींत, आमच्यापैकीं अनेकांच्या कित्येक पिढ्या येथें नांदल्या, युद्ध जिंकलें जावें आणि मनुष्यें स्वतंत्र राहावींत म्हणून आम्हीं आमचीं घरें दिलीं आहेत, एक दिवस आम्ही परत येऊं, आणि गांवाशीं तुम्ही मायेनें वागलांत याबद्दल तुमचे आभार मानूं.

मनुष्यें स्वतंत्र राहावींत हे शब्द वाचून माझ्या ओठांवर हिंदी माणसाचें एक कडवट हसूं उमटलें, हें मी लपवीत नाहीं. ज्या डिसेंबरांत ही चिठ्ठी लागली त्या डिसेंबरांत आमचे राष्ट्रीय पुढारी त्याच सरकारच्या हुकमानें अहमदनगरच्या किल्ल्यांत अटकेंत होते. परंतु दुसऱ्याच क्षणीं मला त्या हसण्याची लाज वाटली. वर्बॅरोचे कोळी कांहीं साम्राज्य चालवीत नव्हते. त्यांना स्वातंत्र्य या शब्दाचा जो अर्थ ठाऊक होता त्यासाठीं त्यांनीं जें जवळ होतें तें दिलें.

आणि येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. चिठ्ठींतील क्रियापदाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. 'आमचीं घरें घेतलीं' असें तींत नाहीं. 'आम्हीं दिलीं' असें आहे. वस्तुतः देण्या-न देण्याचा प्रश्नच नव्हता. युद्धकाळांतील कायद्यानें सरकारला घर काय, शेत काय, हवें तें ताब्यांत घेण्याचा अधिकार होता. जें नाकारतां येत नाहीं तें देतां तरी कसें येईल? दानाला दात्याचें स्वातंत्र्य लागतें. वाटमाऱ्याच्या हातीं ठेवलेली थैली हें दान नव्हे, आणि सरकारांत भरलेला कर हेंहि दान नव्हे. तर्काच्या कसोटीस लावली तर ती चिठ्ठी म्हणजे एक सोज्ज्वळ आत्मवंचनाच ठरते.

मीहि तसेंच समजून पुढें गेलों असतों. पण तें क्रियापद माझ्या ओळखीचें होतें. माझ्या आईचें माहेर सह्याद्रीच्या एका खोऱ्यांत होतें. माझा जन्म होण्यापूर्वींच तें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. मामांच्या ट्रंकेंत त्या वेळचे कागद होते. त्यांवर सर्वत्र 'संपादित' असा शिक्का. पण आईच्या तोंडून तो शब्द मीं कधींहि ऐकला नाहीं. लहानपणीं मीं विचारलें, "आई, तुमचं गांव सरकारनं बुडवलं ना?" तेव्हां ती पोळी लाटतां लाटतां म्हणाली, "बुडवलं नाहीं रे. आम्ही दिलं." तिच्या त्या उत्तरांत तक्रार नव्हती, तसा त्यागाचा तोराहि नव्हता. हिशेबाच्या वहींत एक रक्कम कोणत्या बाजूस लिहावयाची एवढेंच जणुं ती मला दाखवीत होती.

त्या दोन वाक्यांचा अर्थ मला टाइनमच्या दारापाशीं लागला असें म्हटलें तरी चालेल. जें टाळतां येत नाहीं तें आपलें कृत्य म्हणून स्वीकारणें ही आत्मवंचना असेलहि. परंतु त्या स्वीकारानें समोरच्याची जागा बदलते, हें तर्कशास्त्राच्या नजरेंतून निसटतें. हुकमानें घेणारा सरकारी अधिकारी किंमत मोजून मोकळा होतो. ज्याला दिलें गेलें तो मात्र किंमत मोजूनहि मोकळा होत नाहीं. टाइनमच्या माणसांनीं लष्कराला पाहुणा केलें. घर जपा, आम्ही येतों, येऊन तुमचे आभार मानूं, ही भाषा यजमानाची आहे. हांकलल्या गेलेल्या माणसाची ती नव्हे. सरकारजवळ कायदा होता, तोफा होत्या, रणगाडे होते; एका कागदाच्या तुकड्यानें त्या सर्वांना ऋणको करून ठेविलें.

येथें एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तीं घरें त्यांचीं होतीं कोठें? घरें बाँड घराण्याचीं. जें आपलें नाहीं तें देण्याचा अधिकार कुळाला कसा? कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर अगदीं सरळ दिलें. पुढें सरकारनें जमीन कायमची घेतली तेव्हां भरपाईचा हक्क मालकाचा ठरला. कुळांच्या वांट्यास परसांतील भाजीपाल्याच्या किमतीपलीकडे फारसें कांहीं आलें नाहीं. कायद्याला जमीन मोजतां येते, वास्तव्य मोजतां येत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच दारांतून आंत-बाहेर केल्यानें दगडी उंबऱ्याला जो खोलगट घांस पडतो, तो कोणाच्या मालकीचा? उंबरा मालकाचा; पण तो घांस कुळाच्या पायांनीं पडलेला. टाइनमच्या लोकांनीं जें दिलें तें हें होतें, आणि तें सर्वस्वीं त्यांचेंच होतें. (माझ्या आजोबांना जमिनीचे पैसे मिळाले. गांवच्या सुताराला मिळाले नाहींत. त्याच्या नांवावर जमीन नव्हती. 'आम्ही दिलं' म्हणण्याचा अधिकार आईपेक्षां त्याच्या लेकीला अधिक होता, असें आतां वाटतें.)

राज्यकारभार करणाऱ्यांना एक जुनें वचन फार प्रिय असतें. दुर्योधनाच्या जन्माच्या वेळीं विदुरानें तें धृतराष्ट्राला ऐकविलें: कुळासाठीं एकाला सोडावें, गांवासाठीं कुळाला सोडावें, देशासाठीं गांव सोडावें. धरणाच्या पायाभरणीपासून विधिमंडळांतील भाषणापर्यंत हें वचन मीं अनेकदां ऐकलें आहे, आणि दर वेळीं तें तिसऱ्या पायरीशीं थांबलेलें ऐकलें आहे. चौथी पायरी कोणी म्हणत नाहीं; तींत आत्म्यासाठीं सबंध पृथ्वीचाहि त्याग करावा असें सांगितलें आहे. या चौथ्या पायरीचा अर्थ कांहीं लोक स्वसंरक्षण असा करतात. मला तो पटत नाहीं. पहिल्या तीन पायऱ्या वाचून हा सारा संख्येचा हिशेब आहे, थोड्यांनीं पुष्कळांसाठीं मरावें एवढेंच याचें सार, असें वाटूं लागतें. तोंच चौथी पायरी येते आणि ताजवा उलटा करते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विदुर हें कोणाला सांगत आहे? ज्याचा मुलगा त्यालाच. शेजाऱ्याच्या मुलाला टाकून दे असें तो म्हणत नाहीं. त्यागाचें वचन ज्यानें त्याग करावयाचा त्यालाच सांगावयाचें असतें. घेणाऱ्यानें तें पाठ म्हणूं लागलें कीं त्याचें मंत्रपण जातें आणि उरते ती नुसती सरकारी नोटीस.

टाइनमची पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती दुःखद असली तरी अनपेक्षित नाहीं. १९४५ मध्यें युद्ध संपलें. गांवकरी वाट पाहत राहिले. १९४८ सालीं सरकारनें ती सारी जमीन सक्तीच्या खरेदीनें कायमची ताब्यांत घेतली. एक युद्ध संपलें असलें तरी दुसऱ्याची भीति सुरू झाली होती, आणि रणगाड्यांना मैदान हवेंच होतें. तोफांच्या माऱ्यांत कांहीं घरें पडलीं, बाकीचीं पावसानें पाडलीं. वाड्याचा बराच भाग १९६० नंतरच्या दशकांत उतरविण्यांत आला. १९६८ सालीं गांव परत मिळावें म्हणून चळवळ उभी राहिली. १९७३ मध्यें सरकारनेंच नेमलेल्या एका समितीनें लष्करानें तेथून निघावें अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षीं सरकारनें ती फेटाळली. पदरांत पडलें तें एवढेंच कीं गोळीबार नसेल त्या दिवशीं लोकांना तेथें फिरावयास जाण्याची मोकळीक मिळाली.

वाड्यांत वाढलेल्या लिलियन बाँड या बाईंनीं १९५६ सालीं टाइनमविषयीं एक आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. गांव गमावल्याचें त्यांचें दुःख खरें होतें याविषयीं शंका नाहीं. पण गांवाची आठवण वाड्याच्या खिडकींतून लिहिली गेली आणि पुष्कळ काळ तीच गांवाची आठवण ठरली, ही गोष्ट माझ्या मनाला थोडी खुपते. पाणी भरणाऱ्या बाईचें टाइनम निराळें असणार. तिनें तें लिहून ठेवलें असतें तर कदाचित् त्यांत शेवटचें वाक्य असें आलें असतें कीं नव्या घरांत नळ आहे.

हें मी थट्टेनें लिहीत नाहीं. उठविलेल्या कुटुंबांपैकीं अनेकांना पुढें वेअरहॅमजवळ सँडफर्ड येथें सरकारी घरें मिळालीं; विजेचा दिवा, घरांत पाणी, मुलांना शाळा जवळ. कांहीं जणांना तें नवें जिणें आवडलेंहि. यावरून असा युक्तिवाद निघतो कीं मग तक्रार कसली? शिवाय, लष्करानें ती दरी घेतली म्हणून तर ती वांचली, असेंहि म्हणणारे आहेत, आणि त्यांचें म्हणणें पोकळ नाहीं. त्या किनाऱ्यावर इतरत्र बंगल्यांची आणि सहलीच्या गाड्यांची दाटी झाली; टाइनमच्या शिवारांत मात्र १९४३ पासून आधुनिक शेतीचीं खतें व औषधें पोंचलीं नाहींत, म्हणून तेथें फुलपाखरें आहेत, रानफुलें आहेत, पक्षी आहेत. मीं स्वतः त्या दिवशीं तेथें जितकीं फुलपाखरें पाहिलीं तितकीं आयुष्यांत एका जागीं पाहिलेलीं नाहींत. तोफखान्यानें फुलपाखरें राखावींत हा विधात्याचा विनोदच म्हणावयाचा.

परंतु चांगला परिणाम आणि पाळलेला शब्द या दोन भिन्न वस्तु आहेत. मीं एखाद्याची गाय चार दिवसांसाठीं मागून आणली, आणि परत केली नाहीं. तिच्यावांचून त्याचा चाऱ्याचा खर्च वांचला, तो सुखी झाला, गाय माझ्याकडे धष्टपुष्ट झाली. हें सर्व खरें असलें तरी गाय त्याची. घर परत मिळाल्यावर तेथें राहावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचा हक्क त्या माणसांचा होता. कदाचित् निम्मे गेले नसते. कदाचित् कोणीच गेलें नसतें. पण नको म्हणण्याची पाळी त्यांच्यावर कधीं आलीच नाहीं. त्यांना आधीं नाकारतां आलें नाहीं, आणि मागाहूनहि नाकारतां आलें नाहीं. मधल्या काळांत फक्त देतां आलें.

आणि आतां? ज्यांनीं चिठ्ठी लावली तीं माणसें राहिलीं नाहींत. देणें कालांतरानें आपोआप फिटतें, अशी आपली एक सोयीची समजूत असते. दिवाणी कायद्यानें तिला मुदतीचें नांवहि दिलें आहे. नैतिक ऋणाला ही मुदत लागूं पडते असें मला वाटत नाहीं. ऋणको मेला तर वारस फेडूं शकतो. धनको मेला म्हणजे मात्र सोडून द्यावयास कोणी उरत नाहीं. माफी करण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा, आणि तो तर गेला. म्हणून टाइनमचें देणें जुनें झालें म्हणून हलकें झालेलें नाहीं. तें आतां कोणाला फेडतां येत नाहीं आणि कोणाला सोडतांहि येत नाहीं, एवढाच फरक पडला. त्या मुलीच्या प्रश्नाला मी आज काय उत्तर देईन? देशानें गांव मागूं नये असें मी म्हणणार नाहीं; १९४३ च्या डिसेंबरांत तें मागणें अन्यायाचें होतें असेंहि मला वाटत नाहीं. मी एवढेंच म्हणेन कीं देशानें मागितलें तर तो देणेंकरी झाला, आणि देणेंकऱ्याला 'संपादित' हा शब्द वापरण्याचा अधिकार नाहीं.

संध्याकाळीं आम्ही परत निघालों तेव्हां चर्चच्या दारापाशीं एक इंग्रज कुटुंब ती चिठ्ठी वाचीत होतें. लहान मुलगा एका पडक्या भिंतीवर चढूं पाहत होता. बापानें त्याला कांहीं न बोलतां खालीं उतरवून घेतलें.

घरीं आल्यावर मीं आईला हें सारें सांगितलें. ती तेव्हां साठी ओलांडून गेली होती. चिठ्ठीचें ऐकून तिनें मान हलविली. त्यांत तिला नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. मग थोड्या वेळानें तिनें विचारलें,

"भिंती उभ्या आहेत म्हणतोस?"

"आहेत. छप्परं नाहींत, पण भिंती आहेत. कुठलं घर कुणाचं तेंहि लिहिलंय."

"मग बरं आहे त्यांचं," आई म्हणाली. "दिसतं तरी."